युरोपची रजा घेऊन लढाईवर गेलेला प्राध्यापक

१८६२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन नावाच्या राज्यात, बोडन कॉलेजनं आपल्या भाषांच्या प्राध्यापकाला दोन वर्षांची रजा दिली. युरोपात जा, भाषा पक्क्या करा आणि परत या. प्राध्यापकाचं नाव जोशुआ लॉरेन्स चेंबरलेन. वय तेहतीस, घरी बायको आणि दोन लहान मुलं. देशात तेव्हा यादवी युद्धाचं दुसरं वर्ष चालू होतं आणि आपल्या माणसानं लढाईच्या फंदात पडू नये असं कॉलेजातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. चेंबरलेननं रजा घेतली, युरोपला काही गेला नाही, आणि राज्याच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं की मला सैन्यात यायचं आहे.

गव्हर्नरनं त्याला एका पलटणीचा कर्नल व्हायला सांगितलं. हजार माणसांचा प्रमुख, थेट!

इथे आपल्याकडचा वाचक थबकतो. आपल्या डोळ्यांपुढे एनडीए, डेहराडून, मग लेफ्टनंट, मग वर्षानुवर्षांच्या पायऱ्या. भाषा शिकवणाऱ्या माणसाला कुणी एकदम कर्नल कसं करील? ते कळलं तर अमेरिकन यादवी अर्धी कळते, म्हणून आधी तेच बघू.

‘व्हॉलंटियर’ म्हणजे कोण

स्वयंसेवक म्हटलं की आपल्याला छातीवर बिल्ला लावून गणपतीची रांग सांभाळणारा पोरगा आठवतो. तिथला व्हॉलंटियर तसा नव्हता. तो पगारी सैनिक होता. साध्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर मिळत. बहुतेकांनी तीन वर्षांच्या करारावर सही केलेली असे, आणि पळून गेलेला सापडला तर गोळी घालण्याचीही तरतूद होती. फरक इतकाच की तो देशाच्या कायमच्या फौजेतला नव्हता. लढाईपुरता आलेला, लढाई संपली की घरी जाणारा.

अशी माणसं का लागली, तर कायमची फौज होती जेमतेम १६,००० ची, आणि तीही पश्चिमेच्या सरहद्दीवर विखुरलेली. एप्रिल १८६१ मध्ये गुलामगिरीच्या वादावरून देशातून फुटलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी फोर्ट सम्टर या सरकारी किल्ल्यावर तोफा डागल्या तेव्हा राष्ट्राध्यक्ष लिंकननं ७५,००० माणसं मागितली, तीन महिन्यांसाठी. तेवढ्यात आटपेल असा हिशेब होता. प्रत्यक्षात चार वर्षं गेली आणि एकट्या उत्तरेच्या बाजूनं वीस लाखांवर माणसं उभी राहिली. त्यातली बहुतेक सगळी व्हॉलंटियर.

एवढी माणसं गोळा करायला केंद्र सरकारकडे यंत्रणाच नव्हती. म्हणून प्रत्येक राज्याला आकडा वाटून दिला जायचा आणि पलटणी उभ्या करायचं काम गव्हर्नरवर. राज्याच्या मिलिशियाचे, म्हणजे गरजेपुरत्या बोलावलेल्या नागरिकांच्या फौजेचे, अधिकारी राज्यानंच नेमायचे, हे अमेरिकेच्या राज्यघटनेत होतंच. तोच रिवाज इथे चालू राहिला. एका पलटणीत दहा कंपन्या, कंपनीत साधारण शंभर माणसं, वर एक कॅप्टन आणि दोन लेफ्टनंट. त्यांच्यावर मेजर, लेफ्टनंट कर्नल आणि कर्नल. म्हणजे दर पलटणीमागे गव्हर्नरच्या हातात तीस-पस्तीस नेमणुका. राजकारण्याला आणखी काय हवं?

खालच्या पातळीवर हिशेब आणखी सोपा होता. गावात फिरून ज्यानं शंभर पोरं जमवली तो कॅप्टन. पुष्कळ ठिकाणी तर शिपाईच मतदान करून कॅप्टन-लेफ्टनंट निवडत. ज्याला काल मत दिलं तो आज शिक्षा कशी करणार, हा प्रश्न ग्रामपंचायत जवळून पाहिलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको. पहिल्याच उन्हाळ्यात या पद्धतीचं पितळ उघडं पडलं, आणि जुलै १८६१ मध्ये अशा अधिकाऱ्यांची परीक्षा घेणारी मंडळं नेमायचा कायदा झाला. त्या मंडळासमोर जाण्यापेक्षा कित्येकांनी राजीनामे दिले. अधिकाऱ्याला ती मुभा होती, शिपायाला नव्हती.

अधिकाऱ्याचा गणवेश, तलवार आणि जेवण त्याच्याच खिशातून. मराठा फौजेत सरकारी घोड्यावरचा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, असा भेद होता. त्या मापानं हे अधिकारी शिलेदारच म्हणायचे. चेंबरलेनला घोडा मात्र विकत घ्यावा लागला नाही, गावकऱ्यांनी भेट दिला.

तर अशा बाजारात चेंबरलेनला कर्नलपद समोरून आलं, आणि त्यानं ते नाकारलं. एक पायरी खालची जागा द्या, आधी हे काम शिकू द्या, असं त्याचं म्हणणं. त्याच्या नावावर पुढे बरंच काही जमा झालं, पण मला विचाराल तर सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणा निर्णय हाच. ऑगस्ट १८६२ मध्ये तो विसाव्या मेन पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला.

तंबूतली शिकवणी

कर्नल म्हणून आला अ‍ॅडेल्बर्ट एम्स. वेस्ट पॉइंट या लष्करी कॉलेजातून वर्षापूर्वी बाहेर पडलेला, बुल रनच्या लढाईत जखमी होऊनही तोफा न सोडलेला. वय सव्वीस. प्राध्यापकाला शिकवायला विद्यार्थ्याच्या वयाचा मास्तर! पलटण म्हणजे राज्याच्या कानाकोपऱ्यातून उरलेसुरले जमवलेले शेतकरी, लाकूडतोडे, कोळी. त्यांचं चालणं बघून एम्सनं कपाळाला हात लावला आणि कवायतीचा असा पिट्टा पाडला की शिपाई त्याच्या नावानं बोटं मोडायचे. दिवसभर हे, आणि रात्री तंबूत दिव्याच्या उजेडात चेंबरलेन एम्सकडून लष्करी पुस्तकं समजून घेतोय. आपण रोज संध्याकाळी अभ्यास करतो, हे त्यानं बायकोला पत्रांतून कळवलं आहे.

एवढं शिकायला होतं काय? तेव्हाची बंदूक तोंडाकडून भरायची. कागदी काडतूस दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, वर गोळी ठेवायची, गज काढून ती ठासायची, गज जागच्या जागी ठेवायचा, बार पेटवणारी बारीकशी टोपी बसवायची, बंदुकीचा घोडा मागे ओढायचा, नेम धरायचा, आणि मग चाप. चांगला तयार शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. (यातली एन्फील्ड बंदूक दोन्ही बाजूंनी इंग्लंडहून लाखांनी मागवली होती. चरबीच्या काडतुसामुळे १८५७ साली आपल्याकडे भडका उडाला तीच ही बंदूक. काडतूस दातांनी फाडायचं म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.)

अशा बंदुकीनं एकट्यादुकट्यानं लढण्यात अर्थ नव्हता. माणसं खांद्याला खांदा लावून दोन ओळींत उभी राहायची आणि एकदम बार काढायची. मग खरी अडचण ही की चार-पाचशे माणसांची ही लांबलचक फळी हलवायची कशी? रस्त्यानं चालताना ती चारचारच्या रांगेत असते. शत्रू दिसला की मिनिटभरात आडवी व्हायला हवी. बाजूनं हल्ला आला की वळायला हवी. हे सगळं धुरात, आवाजात, शेजारचा पडत असताना.

शाळेत एनसीसीत असताना आमच्याकडून उस्ताद ‘व्हील’ करून घ्यायचे. तीस पोरांची ओळ दारासारखी फिरवायची. आतल्या टोकाच्या पोरानं जागेवर कदमताल करायचा, बाहेरच्यानं जवळजवळ पळायचं, आणि मधल्यांनी दोन्हीकडे बघत ओळ सरळ ठेवायची. सपाट मैदान, सकाळची थंड हवा, कुणी गोळ्या झाडत नाही, तरी आमची ओळ दर वेळी केळ्यासारखी वाकायची. चेंबरलेनच्या शिपायांनी हेच खडकाळ उतारावर, झाडांमधून केलं. ते पुढे येईलच.

डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गला या पलटणीनं खरी लढाई पाहिली. टेकडीच्या पायथ्याशी दगडी भिंत, भिंतीआड दक्षिणेचे बंदूकवाले, समोर उघडं मैदान, आणि त्यावर उत्तरेच्या तुकड्या एकामागून एक पाठवलेल्या. विसावी मेन संध्याकाळच्या सुमारास पुढे गेली आणि तिथेच अडकली. रात्र कडाक्याची. चेंबरलेन दोन मृतदेहांच्या मध्ये, तिसऱ्याचं उसं करून पडून राहिला. दुसरा अख्खा दिवस पलटण मेलेल्यांचा आडोसा करून तिथेच होती. यावर मी अधिक काही लिहीत नाही.

पुढची मोठी लढाई, मे १८६३ मधली चॅन्सलर्सव्हिल, त्यांना चुकली. देवीची सदोष लस टोचल्यामुळे पलटणीत देवीच पसरली आणि सगळ्यांना बाजूला काढून तारायंत्राच्या तारांवर पहारा करायला लावलं. हसू येतं खरं, पण त्या युद्धात मेलेल्या सैनिकांत गोळीपेक्षा रोगानं मेलेले जास्त होते. हगवण, विषमज्वर, गोवर. मेनमधून निघताना हजाराच्या घरात असलेली ही पलटण दहा महिन्यांत चारशेच्या आत आली, ती मुख्यतः अशानं.

मग नवी माणसं का भरली नाहीत? इथे परत गव्हर्नर येतो. जुन्या पलटणीत शिपाई भरले तर त्याला नेमणुका मिळत नाहीत, नवी पलटण काढली तर तीस-पस्तीस मिळतात. त्यामुळे अनुभवी पलटणी झिजत गेल्या आणि शेजारी कोऱ्या करकरीत हजारी पलटणी येत राहिल्या. विस्कॉन्सिनसारखं एखादं राज्य जुन्यांत भरती करत राहिलं, म्हणून त्याच्या पलटणींना सेनापती जास्त भाव द्यायचे.

एकशे वीस बंडखोर

मे १८६३ मध्ये एम्सला बढती मिळाली, पलटण चेंबरलेनकडे आली, आणि त्याच सुमारास संगिनींच्या पहाऱ्यात १२० कैदी दारात उभे राहिले. दुसऱ्या मेन पलटणीचे शिपाई. त्या पलटणीची दोन वर्षं भरली म्हणून ती घरी गेली होती, पण या १२० जणांच्या सह्या तीन वर्षांच्या कागदावर होत्या. सगळे एकत्र आलो, एकत्र जाणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी बंदुका खाली ठेवल्या होत्या. पोटात दोन-तीन दिवस अन्न नव्हतं. चेंबरलेनला वरून हुकूम असा, की ऐकत नसतील तर गोळ्या घाला.

गोळ्या कुणाला घालायच्या? हे त्याच्याच राज्यातले, पलटणीतल्या कुणाचे शेजारी, कुणाचे सोयरे. उद्या मेनला परतल्यावर त्याच गल्लीतून जायचं. व्हॉलंटियर अधिकाऱ्याची खरी मेख इथे आहे. नेहमीच्या फौजेतला कॅप्टन शिपायाला हुकमाचा ताबेदार समजू शकायचा. व्हॉलंटियर शिपाई मतदार होता, वर्तमानपत्राला पत्रं लिहायचा, आणि आपण स्वखुशीनं आलो आहोत हे कधी विसरायचा नाही.

चेंबरलेननं पहारा काढून टाकला, आधी त्यांना जेवू घातलं, मग गाऱ्हाणं ऐकून घेतलं. गव्हर्नरला लिहीन म्हणाला आणि तोवर त्यांना वेगवेगळ्या कंपन्यांत वाटून टाकलं, जेणेकरून टोळकं राहू नये. या शेवटच्या युक्तीकडे दुर्लक्ष करू नका, तो नुसता दयाळू नव्हता. गेटिसबर्गपर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सोडून सगळ्यांनी बंदुका उचलल्या. त्यांच्यातल्याच अँड्र्यू टोझियरला पलटणीचं निशाण मिळालं.

२ जुलै १८६३

गेटिसबर्ग हे पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव. उत्तरेची फौज गावाबाहेरच्या टेकड्यांवर लांब ओळीत पसरलेली, आणि या ओळीच्या डाव्या टोकाला लिटल राउंड टॉप नावाची खडकाळ टेकडी. दुपारी लक्षात आलं की तिच्यावर लढायला कुणीच नाही आणि शत्रू तिकडेच येतोय. ब्रिगेडियरचं काम पाहणारा कर्नल स्ट्राँग व्हिन्सेंट वरच्यांची वाट न पाहता चार पलटणी घेऊन धावला. विसावी मेन सगळ्यात डावीकडे. म्हणजे संपूर्ण फौजेची डावी कड इथे संपत होती. पलीकडे नुसतं रान. काय वाटेल ते झालं तरी जागा सोडायची नाही, एवढं सांगून व्हिन्सेंट दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथेच त्याला प्राणघातक गोळी लागली.

चेंबरलेनकडे ३५८ बंदुका. त्यातली एक कंपनी, कॅप्टन मॉरिलची, त्यानं डावीकडे रानात टेहळणीला पाठवली. समोरून आली पंधरावी अलाबामा, कर्नल विल्यम ओट्सची. ती माणसं त्या दिवशी ४० किलोमीटर चालून आलेली. त्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरायला गेलेली तुकडी परतलीच नाही, वाटेत पकडली गेली. जुलैचं ऊन, घसा कोरडा, आणि टेकडी चढायची. पराक्रमाच्या गोष्टीत ही तहान सहसा सांगत नाहीत.

ओट्सनं डाव्या बाजूनं वळसा घालायला सुरुवात केली. चेंबरलेननं एका खडकावर चढून ते पाहिलं आणि गोळीबार चालू असतानाच फळी बदलायला लावली. उजव्या अर्ध्यानं दोन ओळींची एक विरळ ओळ करून बाजूला सरकायचं, म्हणजे तेवढ्याच माणसांत दुप्पट जागा झाकली जाते. मोकळ्या झालेल्या डाव्या अर्ध्यानं काटकोनात मागे दुमडायचं. दुमडीच्या कोपऱ्यावर निशाण. तिथे भोवतालची माणसं पडली तरी टोझियर निशाण काखेत धरून, मिळाली ती बंदूक भरून बार काढत होता. गोळीबारात अशी फळी दुमडायची तर एम्सच्या त्या शिव्याशापांच्या कवायतीशिवाय जमतं का? एक जण चुकीचा वळला की शेजारचे दहा पळत सुटतात.

सुमारे दीड तास हे चाललं. शत्रू पाच-सहा वेळा वर आला. माणशी ६० काडतुसं, म्हणजे सगळी मिळून साडेएकवीस हजारांच्या आसपास. ती संपली. एकतृतीयांश माणसं पडलेली. थांबलं तर पुढच्या धडकेत फळी फुटणार, मागे जावं तर जागा सोडायची नाही. चेंबरलेननं संगिनी चढवायला सांगितल्या. आधी मागे दुमडलेली डावी बाजू धावत पुढे आली, मग सगळी फळी उजव्या टोकाच्या बिजागरीवर दारासारखी फिरत उताराला लागली. त्याच वेळी रानात गेलेली मॉरिलची कंपनी, जिची सगळ्यांनी आशा सोडली होती, दगडी भिंतीआडून शत्रूच्या पाठीवर बार काढू लागली. आपण घेरलो गेलो असं वाटून अलाबामावाले फुटले. पळाले, शरण आले.

या युद्धात दवाखान्यात आलेल्या जखमांपैकी संगिनीच्या शंभरात एकाहूनही कमी होत्या. संगीन भोसकायला फारशी लागायचीच नाही, धावत येणारी दिसली की काम व्हायचं.

हा हुकूम नक्की कुणाचा, यावर तेव्हापासून वाद आहे. लेफ्टनंट होल्मन मेल्चरनं जखमींना आणण्यासाठी पुढे जाऊ देण्याची परवानगी मागितली होती, त्यातून धावाधाव सुरू झाली असंही सांगतात. ओट्सचं म्हणणं आणखी वेगळं. माघारीचा हुकूम आपण आधीच दिला होता, असं तो सांगे. त्याचा भाऊ त्याच टेकडीवर प्राणघातक जखमी झाला होता, आणि म्हातारपणी तिथे आपल्या पलटणीची स्मृतिशिळा उभारायचा त्याचा खटाटोप शिळा नेमकी कुठे, यावरच्या चेंबरलेनशी झालेल्या वादात अडकून राहिला. मला वाटतं तिघांचंही थोडं थोडं खरं असावं. धुरात उभ्या असलेल्या माणसाला आपल्यापुढची दहा पावलंच दिसतात.

दोन शिड्या

१८ जून १८६४ ला पीटर्सबर्गपुढे चेंबरलेन ब्रिगेड घेऊन पुढे जात असताना गोळी उजव्या कमरेतून शिरून आरपार गेली, मूत्राशय फाडून. माणसं पुढे जाईपर्यंत तलवार जमिनीत रोवून तिच्या आधारानं तो उभा राहिला. डॉक्टरांनी आशा सोडली. उत्तरेचा सरसेनापती ग्रँट यानं मरणाऱ्याचा मान म्हणून त्याला जागेवरच ब्रिगेडियर जनरल केलं, वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले. नोव्हेंबरात तो परत हजर. जखम मात्र कधीच बरी झाली नाही. वारंवार शस्त्रक्रिया, वारंवार ताप, आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी, २४ फेब्रुवारी १९१४ ला, त्याच जखमेच्या संसर्गानं तो गेला.

मार्च १८६५ मध्ये क्वेकर रोडवर आणखी एक गोळी, घोड्याची मान फोडून त्याच्या छातीकडे आलेली, खिशातल्या कागदांवर आणि आरशावर आपटून बरगड्यांवरून घसरली. त्याबद्दल ‘ब्रेव्हेट’ मेजर जनरल. ब्रेव्हेट म्हणजे मानाची बढती, नाव मोठं, काम आणि पगार बहुधा जुनाच. त्यात व्हॉलंटियरांची हुद्द्यांची शिडी वेगळी आणि कायमच्या फौजेची वेगळी. युद्ध संपलं की पहिली शिडीच काढून घेतली जायची. पोरवयात व्हॉलंटियरांचा मेजर जनरल झालेला उत्तरेचा घोडदळवाला कस्टर कायमच्या फौजेत कॅप्टनच होता, आणि पुढे लेफ्टनंट कर्नल म्हणून मेला.

१२ एप्रिल १८६५, फोर्ट सम्टरला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, व्हर्जिनियातल्या अ‍ॅपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या पायदळानं बंदुका खाली ठेवल्या. त्या वेळी समोर उभ्या ओळीचा प्रमुख चेंबरलेन. त्यानं आपल्या माणसांना बंदुका खांद्याशी घ्यायला लावून हरलेल्यांना मानवंदना दिली, आणि दक्षिणेच्या जनरल गॉर्डननं तलवार झुकवून ती घेतली. प्रसंग सुंदर आहे. त्याचे बारकावे मात्र बरेचसे खुद्द चेंबरलेननंच कित्येक वर्षांनी लिहिलेत, आणि तो वक्तृत्वाचाही प्राध्यापक होता हे विसरू नये.

तिकडे मुंबईत या बातमीनं कापसाचे भाव कोसळले आणि दक्षिणेची कापसाची बंदरं बंद असताना फुगलेल्या कंपन्यांसकट शेअरबाजार बुडाला. आठ वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती गुलामांना मुक्त करण्याच्या कामी झटलेली माणसं. नावं न घेता त्यांत मेनचे लाकूडतोडेही आले.

घरी आल्यावर चेंबरलेन चार वेळा गव्हर्नर झाला आणि १८७१ मध्ये आपल्याच बोडन कॉलेजचा प्रमुख. तिथे त्यानं विद्यार्थ्यांना लष्करी कवायत सक्तीची केली. १८७४ मध्ये पोरांनी बंड केलं, आम्ही कवायत करणार नाही. या वेळी आधी जेवू घालणं वगैरे काही झालं नाही. बंडवाल्यांना घरी धाडलं आणि पाठोपाठ पालकांना पत्रं, दहा दिवसांत नियम मान्य करा, नाहीतर नाव कमी. जवळजवळ सगळे मुकाट्यानं परत आले. काही वर्षांनी कवायत ऐच्छिक झाली, आणि ऐच्छिक झाल्यावर तिला कुणी फारसं फिरकेना.